मदत हवी आहे: ६५ टक्के की ७५ टक्के मेकॅनिकल कीबोर्ड?

मंडळी, राहायला ठाण्यात, ऑफिस ऐरोलीला. कीबोर्ड रोज सॅकमधून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत न्यायचा आहे, म्हणून फुल साइज बाद (टक्के म्हणजे फुल साइजच्या तुलनेत साधारण किती कीज उरतात ते). ६० टक्केवालाही नको. ॲरो कीजसाठी सारखं एफएन दाबत बसणं मला जमणार नाही.

अडलंय ते ६५ आणि ७५ मध्ये. ६५ ला ॲरो मिळतात, पण वरची एफ-ओळ (एफ१ ते एफ१२) जाते; ७५ ला दोन्ही राहतात. दिवसभर एक्सेल, एफ२, एफ४ शिवाय माझं पान हलत नाही. शिवाय मराठी इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) टाइप करतो. तिथे ज्ञ, त्र, क्ष, श्र आकड्यांच्या ओळीवर शिफ्टने येतात आणि 'ऑफिस'मधला ऑ बॅकस्लॅशच्या कीवर, त्यामुळे या कीज जागच्या जागी हव्यात. ७५ वापरणाऱ्यांनो, कीज फार दाटीवाटीच्या वाटतात का?

दुसरं, कनेक्शन. ऑफिसच्या लॅपटॉपवर अनोळखी यूएसबी चालत नाही, म्हणजे तिथे डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा वायरलेस रिसीव्हर) आणि वायर दोन्ही बाद, ब्लूटूथच. घरच्या पीसीला ब्लूटूथ नाही, म्हणजे तिथे डोंगल किंवा वायर, आणि बायोससाठी (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंग्ज) वायर असलेली बरी. मग ट्राय-मोडच (वायर, डोंगल, ब्लूटूथ तिन्ही असलेला) घ्यावा ना? रोजच्या वापरात ब्लूटूथ झोपेतून उठायला किती वेळ घेतं?

ठाणे-वाशीकडे हात लावून बघता येईल असं दुकान आहे का? स्विच (प्रत्येक कीखालची यंत्रणा) शांत हवेत, शेजारची सहकारी आधीच वैतागलेली असते.