मदत हवी आहे: ३० गुंठे मोकळे झालेत, थंडीचा कोणता भाजीपाला किती टाकू?

शिवार३० | ४ ऑक्टोबर, रात्री
सोयाबीन निघालं, ३० गुंठे मोकळे आहेत. विहिरीला पाणी आहे. घरची दोन माणसं. फ्लॉवर, वाटाणा, मेथी, कोथिंबीर, कांदा, गाजर एवढं डोक्यात आहे. कशाला किती गुंठे द्यायचे आणि कधी टाकायचं एवढंच सांगा. रविवारी बी आणायला जायचंय, त्याआधी कळलं तर बरं होईल.

मळेवाट | ४ ऑक्टोबर
दादा, गाव कुठलं? जमीन कशी, काळी खोल की मुरमाड? माल कुठल्या मार्केटला जाणार? एवढं सांगितल्याशिवाय गुंठे वाटून देता येत नाहीत.

चाळीतला_कांदा | ४ ऑक्टोबर
सरळ उन्हाळी कांदा करा. जात भीमा शक्ती किंवा एन-२-४-१. आत्ता गादी वाफ्यावर रोप टाका, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागण. एकरी ३ ते ४ किलो बी पुरतं. माल कांदाचाळीत साठवता येतो, त्याच दिवशी विकायची सक्ती नाही. मेथी-कोथिंबिरीचं तसं नाही, संध्याकाळपर्यंत गेली नाही तर बांधावर टाकावी लागते.

पाटपाणी | ५ ऑक्टोबर, सकाळी
"पाणी आहे" यावरून काहीच कळत नाही. किती आहे ते मोजा. दोनशे लिटरचा बॅरल पाइपाखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग मोटर हवा ओढेपर्यंत किती वेळ चालते आणि विहीर पुन्हा भरायला किती तास लागतात तेही. हे तीन आकडे द्या. मागच्या वर्षी विहिरीने तळ कधी गाठला तेही सांगा. भाजीपाल्याचं नियोजन तिथून सुरू होतं, बियाच्या दुकानातून नाही.

शिवार३० | ५ ऑक्टोबर, दुपारी
गाव बेल्ह्याच्या वर, आण्याच्या पठाराच्या बाजूला. जमीन मध्यम काळी, एक-सव्वा फुटावर मुरूम लागतो. मार्केट नारायणगाव, कधी आळेफाटा. बॅरल ४० सेकंदात भरला. मोटर ५ एचपी, दीड तास चालते, मग भरायला १२ तास जातात. गेल्या साली फेब्रुवारीच्या मध्यावर विहीर आटली. ठिबक १५ गुंठ्यांचं आहे, नळ्या ४ फुटांवर, ४० सेंमीवर तासाला ४ लिटरचा ड्रिपर. कांद्याचं चालेल का तेवढं सांगा.

पाटपाणी | ५ ऑक्टोबर
आता बोलता येईल. ४० सेकंदांना २०० लिटर म्हणजे तासाला १८,००० लिटर. दीड तासाला २७,०००. रात्री-दिवसा दोन भरणं मिळतील असं धरू नका, लाइटच्या वेळा जुळत नाहीत. रोजचं एकच भरणं हिशोबात घ्या.

डिसेंबरात तुमच्याकडे दिवसाला ४ मिमी पाणी उडतं असं धरा. ३० गुंठे म्हणजे ३,००० चौरस मीटर, म्हणजे ठिबकवर रोज १२,००० लिटर. आज आरामात बसतं. पाटाने द्यायचं तर एका पाळीला ५ सेंमी लागतं, ३० गुंठ्यांना दीड लाख लिटर. म्हणजे विहिरीची साडेपाच भरणं, एका पाळीला आठवडा गेला. जानेवारीत विहिरीत येणारं पाणी निम्म्यावर आलं की भरणं १३,५०० लिटरचं राहील आणि ऊन वाढायला लागलेलं असेल. म्हणून जानेवारी संपेपर्यंत निम्मं रान मोकळं झालंच पाहिजे, असं पीक निवडा.

यात कांदा बसत नाही. डिसेंबरच्या मध्याची लागण, ११० ते १२० दिवस, म्हणजे काढणी एप्रिलात. शेवटचं पाणी मार्चअखेर लागेल आणि विहीर फेब्रुवारीत बसते. कांदा पोसायच्या वेळीच तहानला तर गोलटी म्हणजे बारका कांदा निघतो.

चाळीतला_कांदा | ५ ऑक्टोबर
मग रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा करा ना, तो जानेवारी-फेब्रुवारीत निघतो.

मळेवाट | ५ ऑक्टोबर
रांगड्याचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरात पडायला हवं होतं. आत्ता विकतचं रोप घ्यावं लागेल. १५ बाय १० सेंमीवर १० गुंठ्यांना साधारण ६६,००० रोपं लागतात, आणि ते रोप कुठल्या बियाचं हे कुणी छातीठोक सांगत नाही. बी चुकीचं निघालं तर थंडीत डेंगळे (फुलाचे दांडे) आणि जोड कांदे. वर रांगडा टिकत नाही, म्हणजे चाळीचा फायदाही गेला. दोन माणसांच्या घराने यात पडू नये.

गाजरही सोडा. सव्वा फुटावर मुरूम आणि वर काळी माती, गाजराला फाटे फुटणार. घरापुरतं हवं असेल तर अर्धा गुंठा उंच वाफ्यावर करा, ताजं शेणखत अजिबात घालू नका. फाटे फुटायचं तेही एक मोठं कारण आहे.

दोरी_बांबू | ५ ऑक्टोबर
नारायणगाव मार्केट जवळ असताना टोमॅटो कसा कुणी सुचवला नाही? मल्चिंग पेपर, ठिबक, तार-बांबू. ४ फुटी बेड, दीड फुटावर रोप. मांडवाला १० फुटांवर बांबू, १४ गेजची तार, आणि सुतळी पहिल्या फांदीपासून वर न्यायची. टोकाच्या बांबूला ताण द्यायला विसरू नका, नाहीतर माल धरल्यावर सगळी ओळ झुकते.

मळेवाट | ५ ऑक्टोबर
मांडव कसा करायचा हे त्यांनी विचारलेलं नाही. नोव्हेंबरला लागण केली तर तोडे जानेवारीअखेर ते मार्च. ज्या महिन्यात पाणी जाणार त्याच महिन्यात माल. शिवाय ढगाळ हवा आणि धुकं आलं की उशिरा येणारा करपा चार दिवसांत प्लॉट बसवतो, आणि फवारणी, बांधणी, तोडणी सगळं दोन माणसांवर. पाणी एप्रिलपर्यंत असतं तर मीही विरोध केला नसता.

खिडकीतली_मेथी | ५ ऑक्टोबर
धाग्यातच विचारते. पुण्यात गच्चीवर मेथी उगवते पण चार इंचांवर पिवळी पडून झोपते. काय करू?

रोपट्रे | ५ ऑक्टोबर
ताई, बी दाट पडतंय आणि पाणी जास्त होतंय. दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवा, कुंडीला खाली भोकं हवीत, सकाळी एकदाच पाणी. चार तास थेट ऊन नसेल तर काडी लांबतेच.

शिवार३० दादा, फ्लॉवरबद्दल माझं. बी घेताना पाकिटावर लागवडीचे महिने लिहिलेले असतात ते वाचा. लवकरचं वाण नोव्हेंबरच्या थंडीत लावलं की पाल्याची वाढ व्हायच्या आत लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. थंडीचं वाण गरमीत लावलं तर नुसता पाला वाढतो. वय उलटलेलं रोपही असाच बारका गड्डा धरतं, २२ ते २५ दिवसांचं रोप लावा, ३० च्या पुढचं नको. ६० बाय ४५ सेंमीवर १० गुंठ्यांना ३,७०० रोपं लागतात, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) धरून ९८ घरांचे ४२ ट्रे करा. लागणीआधी १० गुंठ्यांना २ किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून द्या, बोरॉन कमी पडलं की दांडा पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग येतात. दोनपेक्षा जास्त टाकू नका, जास्तीचं बोरॉन पिकाला जाळतं.

मळेवाट | ६ ऑक्टोबर, सकाळी
थांबा. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. सोयाबीनमध्ये तणनाशक कुठलं मारलं होतं?

शिवार३० | ६ ऑक्टोबर
इमॅझेथापायर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एकरी ४०० मिली. त्याचा इथं काय संबंध? तीन महिने झाले.

मळेवाट | ६ ऑक्टोबर
आहे संबंध. ते सोयाबीनला आणि वाटाण्याला चालतं, पण जमिनीत बरेच दिवस राहतं. फ्लॉवर, कोबी, मुळा, मोहरी ही सगळी कोबीवर्गीय पिकं त्याला फार हळवी. कांदा, बीट, पालकही. पाऊस चांगला झाला असेल तर बरंच निघून जातं, पाऊस कमी असेल तर राहतं, अंदाजावर जाऊ नका.

परीक्षा सोपी आहे. सोयाबीनच्या रानातून पाच-सहा ठिकाणची वरची चार बोटं माती घ्या, एकत्र करून दोन कुंड्या भरा. बांधावरची, जिथे तणनाशक गेलं नाही तिथली माती दोन कुंड्यांत. चारींमध्ये २०-२० दाणे मोहरीचे, आणि जे लावायचं आहे त्याचेही थोडे दाणे. पाणी सारखं द्या. १४ दिवसांनी बघा. नुसतं उगवलं म्हणजे पास नाही, उगवण दोन्हीकडे होते. पोंग्यातली (शेंड्यातली) नवी पानं पिवळी-जांभळी पडतात का, रोप खुरटतं का हे पाहा. शेवटी रोपं अलगद उपटून मुळं धुवा. आखूड, झाडूसारखी गुच्छ झालेली मुळं दिसली तर त्या रानात फ्लॉवर नको.

तोवर फ्लॉवरचं रोप ट्रेमध्ये टाकून ठेवा. कोकोपीट असल्यामुळे त्याला रानाच्या मातीशी देणंघेणं नाही. जागा नंतर ठरवू.

चाळीतला_कांदा | ६ ऑक्टोबर
इतकं काही होत नाही. आमच्या भागात सोयाबीनवर सगळेच कोबी घेतात.

मळेवाट | ६ ऑक्टोबर
भारी पाऊस झालेल्या भागात घेत असतील. आण्याच्या पठारावर तो हिशोब लावू नका. चार कुंड्यांची मेहनत आहे, ३,७०० रोपं मेल्यावर ती महाग वाटणार नाही.

पाटपाणी | ६ ऑक्टोबर
वाटाणा १० गुंठे घ्या, अर्केल जातीचा. ३० बाय १० सेंमीवर ८ किलो बी. आधी ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, मग सावलीत रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू), २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाला. पेरताना एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट आणि फक्त ५ किलो युरिया. नत्र वाढवलं की वेल माजतो, शेंग कमी धरते. निम्मा २० ऑक्टोबरला पेरा, निम्मा ५ नोव्हेंबरला. ५५-६० दिवसांत तोडा येतो. पहिला हप्ता मार्गशीर्षाच्या आसपास सापडेल, तेव्हा भाजीला उठाव असतो. दुसरा भोगीच्या आधी. एकदम पेरला तर दोन माणसांनी तोडणी उरकत नाही, शेंग दोन दिवस वेलावर जास्त राहिली की गोडी जाऊन पिठूळ होते.

दोरी_बांबू | ६ ऑक्टोबर
सोयाबीनवर वाटाणा? द्विदलावर द्विदल, मर रोगाला आमंत्रण.

पाटपाणी | ६ ऑक्टोबर
दरवर्षी तेच केलं तर हो. एका साली चालतं, ट्रायकोडर्मा त्यासाठीच सांगितला. पेरणीनंतर पाणी साचू देऊ नका, मर तिथून सुरू होते. डिसेंबरात कोरडी थंडी पडली की पानावर पांढरी भुरी येईल. पहिला ठिपका दिसताच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम, दुपारच्या उन्हात नाही. पुढच्या साली या १० गुंठ्यांत शेंगवर्गीय काही घेऊ नका.

रोपट्रे | ६ ऑक्टोबर
मेथी-कोथिंबीर मिळून ५ गुंठ्यांच्या वर नको. नारायणगावला जुडी शेकड्यावर जाते, एकाच दिवशी पाच गुंठे काढले आणि त्या दिवशी बाजार पडला तर सगळं गेलं. दर आठवड्याला एक गुंठा टाका. मेथी गुंठ्याला ३०० ते ४०० ग्रॅम, २८-३० दिवसांत काढणी. कोथिंबीर ७०० ग्रॅम, धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, नाहीतर थंडीत उगवायला पंधरवडा लावतात. धणे अख्खे टाकले तर उगवण कमी होते.

शिवार३० | ६ ऑक्टोबर
लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्रीची. रात्री बिबट्यामुळे रानात जाता येत नाही. ऑटो स्टार्टर बसवू का?

पाटपाणी | ६ ऑक्टोबर
बसवा, पण नुसता ऑटो नको. दीड तासात विहीर बसते म्हणजे ड्राय रन संरक्षण पाहिजेच, नाहीतर लाइट येईल, मोटर कोरडी फिरेल आणि वाइंडिंग जळेल. सिंगल फेज प्रिव्हेंटरही (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) त्यातच घ्या. रात्रीसाठी संध्याकाळी उजेड असतानाच व्हॉल्व्ह लावून ठेवा. १० गुंठ्यांच्या ठिबकमधून तासाला ८,३०० लिटर जातात, रोजची गरज ४,०००, म्हणजे अर्ध्या तासाचं काम आहे. टायमर लावला की उठायची गरज नाही.

शिवार३० | २० ऑक्टोबर, रात्री
कुंड्या पाहिल्या. बांधाच्या मातीत मोहरी वीतभर. सोयाबीनच्या मातीत उगवली सगळी, पण दोन पानांवर अडकली, पोंगा पिवळा. उपटून धुतली तर मुळं बोटाच्या एका पेराएवढी, टोकाला गुच्छ. वाटाणा दोन्हीकडे सारखा. मेथी-कोथिंबिरीत फरक दिसला नाही. वाटाण्याचा पहिला हप्ता आज पेरला. फ्लॉवरचे ट्रे १० तारखेला भरलेत. आता त्यांचं काय? वरच्या १० गुंठ्यांत बाजरी होती, ३० गुंठ्यांतच धरून. तिथे काहीच मारलं नव्हतं, नुसती खुरपणी. पण ठिबक खालच्या तुकड्यात आहे.

मळेवाट | २१ ऑक्टोबर
हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कुंड्यांआधीच जागा मिळाली असती. फ्लॉवर बाजरीच्या तुकड्यात लावा, २ ते ४ नोव्हेंबर. बाजरीची धसकटं वेचून काढा, कुजताना ती नत्र ओढतात. मोहरी सापळा म्हणून लावाच, फ्लॉवरच्या २५ ओळींमागे दोन ओळी. एक ओळ लागणीच्या १५ दिवस आधी पडायला हवी, म्हणजे ती आजच टाका, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर अंडी घालतो, फवारा तिथे मारायचा.

पाटपाणी | २१ ऑक्टोबर
ठिबक उचला आणि फ्लॉवरला १० गुंठे द्या. उरलेल्या ५ गुंठ्यांचं ठिबक वाटाण्याच्या नोव्हेंबरच्या हप्त्याला. आज पेरलेल्या ५ गुंठ्यांना पाट चालेल, ५ सेंमीची एक पाळी म्हणजे २५,००० लिटर, एक पूर्ण विहीर. तो दिवस बाकी ठिबक बंद. पाळी ८-१० दिवसांनी, फुलात आणि शेंग भरताना चुकवू नका. खालचे उरलेले ५ गुंठे पडू द्या, डिसेंबरात विहीर बघून ठरवा.

शिवार३० | २१ ऑक्टोबर
ठीक. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) तसेच ओढून नेऊ का?

पाटपाणी | २१ ऑक्टोबर
नको, ओढले की ड्रिपरच्या भोकात माती शिरते आणि मुरमावर नळी खरचटते. आधी शेवटची टोकं उघडून मोटर चालू करा, एकावेळी चार-पाच लॅटरल, गढूळ पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. मग टोकं दुमडून गुंडाळा, उचलून न्या. अंथरल्यावर पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटांचं पाणी मोजा. ४ लिटरच्या ड्रिपरने ६५०-६७० मिली यायला पाहिजे. शेवटी ५०० च्या खाली आलं तर रोपं लावायच्या आधी फिल्टरची जाळी काढून बघा.