कारखान्यातलं मँडोलिन: साल बघायचं की वाद्य?

पंचगंगा_काठ
कोल्हापुरात जुनं मँडोलिन विकायला निघालं की पहिला प्रश्न, "कुठल्या सालचं?" साल जुनं निघालं की भाव चढतो. कारखान्याच्या मालाला हे लावण्यात अर्थ नाही. तबली (वाद्याची वरची फळी) दाबून वाकवलेल्या प्लायवूडची असेल तर तीस वर्षांनीही ते प्लायवूडच राहणार. आवाज खुलतो म्हणतात तो अखंड स्प्रूस लाकडाच्या कोरीव तबलीचा. तबलीवरच्या f आकाराच्या भोकाची, म्हणजे एफ-होलची, कड बघा. थर दिसले तर प्लाय. वरच्या रेघा कडेवरून सरळ आत उतरल्या तर अखंड लाकूड. एवढं बघितलं की साल विचारायची गरज उरत नाही.

खुंटीपिळ्या
साफ अमान्य. गिब्सन या अमेरिकन कंपनीचंच घ्या. मानेत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करायला पान्याने आवळायची सळई, आला तो 1922 च्या आसपास. त्याआधीच्या वाद्याची मान वाकली तर पाना कुठे लावणार? पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपसून त्याखालचा फिंगरबोर्ड रंधायला लागतो. कंपनीचा तेव्हाचा इंजिनिअर लॉइड लोअर, त्याच्या सहीची एफ-5 मॉडेलची मँडोलिनं निघाली 1922 ते 24 मध्ये. त्याच कंपनीच्या 1970 च्या दशकातल्या एफ-5 ची तबली जाड, वर लॅकरचा जाड थर, त्यामुळे आवाज कोंडलेला. नाव तेच राहिलं आणि वाद्य बदललं, हे सालाशिवाय कसं कळणार?

पंचगंगा_काठ
हा फरक सालाचा नाही, मालकाचा आहे. 1969 ला कंपनीची मालकी बदलली. 1987 ला गिब्सनने मोंटाना राज्यातली फ्लॅटआयर्न ही मँडोलिन कंपनी घेतली, मँडोलिनचं काम तिकडे गेलं आणि दर्जा परत वर आला. आणि लोअरच्या सहीची सगळी वाद्यं तरी एका आवाजाची कुठे आहेत?

खुंटीपिळ्या
मग मालक कुठला होता ते कशावरून ओळखता? सालावरूनच ना, राव! केंटकी नावाची मँडोलिनं आधी जपानात बनली, मग कोरियात, नंतर चीनमध्ये. पाटीवर नाव एकच.

मिरज_पॅसेंजर
दोघंही फूटपट्टी घ्या. 352 मिमी स्केल (नट ते घोडी तारेची लांबी) असेल तर नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत 176 मिमी. तिथून घोडीपर्यंत (तबलीवर तारांच्या दाबानेच उभा असतो तो लाकडी तुकडा) तेवढंच, जाड तारांकडे एक-दोन मिमी जास्त. बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळत नसेल तर बहुतेक वेळा घोडी सरकलेली असते, कारण कुणीतरी आठही तारा एकदम काढलेल्या असतात. ती जागेवर आणली की जुळतं. तरीही एखाद्याच पडद्यावर सूर चुकला तर तो पडदा झिजलाय किंवा मुळातच चुकीच्या जागी बसवलाय.

मग मान. तार पहिल्या पडद्यावर आणि मान अंगाला मिळते तिथे एकाच वेळी दाबा. सातव्याजवळ साधा कागद जेमतेम सरकला पाहिजे. पोस्टकार्ड आरामात गेलं तर मान ओढली गेलीय. आठ तारांचा ताण 80 किलोच्या आसपास असतो, ओढणारच. ट्रस रॉड पाव फेरा आवळा, परत मोजा. फिरत नसेल तर जोर लावू नका, आटे गेले की संपलं.

तबलीवर बोटाने टकटक करा. फुटक्या मडक्यासारखं वाजलं तर तबलीला आतून आधार देणारी पट्टी सुटलीय. घोडीचे पाय तबलीला टेकत नसतील तर तबलीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावरच घासून बसवा. आवाजात लगेच फरक पडतो. एवढं झाल्यावर साल विचारा, भाव करायला उपयोगी पडेल.

खुंटीपिळ्या
मोजमाप मान्य. पण जुलैत मोजलं की मार्चमध्ये? आपल्याकडच्या पावसात तबली फुगते, घोडी वर जाते, तारा उंच होतात. बाराव्यावर दीड मिमी असलेली उंची दोनच्या वर गेली की लोक म्हणतात मान गेली. मार्च-एप्रिलमध्ये उलटं होतं, तारा खाली बसून झणझणतात.

मिरज_पॅसेंजर
म्हणूनच घोडीला उंची कमी-जास्त करायची चाकं दिलीत, भावा. तारा सैल कर, चाक अर्धा फेरा फिरव, मान आणि तबलीला हात लावू नकोस. आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक.

पंचगंगा_काठ
म्हणजे सालापेक्षा महिना महत्त्वाचा!

खुंटीपिळ्या
प्लायवूडवाल्याला दोन्ही सारखेच. माझं म्हणणं कोरीव तबलीच्या वाद्यांपुरतं, आणि तिथे मी साल विचारणारच.