प्रेसनोट, ब्लॉग, लिंक्डइन: नोंदणीकृत कंपनीनं आधी कुठे सांगायचं?

संपर्कविभाग
नमस्कार मंडळी. पुण्याजवळची यंत्रसामग्री बनवणारी मध्यम आकाराची कंपनी, शेअर बाजारात नोंदणी आहे. आतापर्यंतची पद्धत अशी: इंग्रजी प्रेसनोट, तिचं मराठी भाषांतर, लेटरहेडवर पीडीएफ आणि ती वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आता एमडींना लिंक्डइनवर स्वतः लिहायचंय, एचआरला इन्स्टाग्राम हवंय आणि वेबसाइटवर ब्लॉग सुरू होतोय. मोठी ऑर्डर मिळाली तर कुठे आधी सांगायचं? ब्लॉग आल्यावर प्रेसनोट हवीच का? आणि मराठी मजकूर सगळीकडे नीट जावा म्हणून काय सांभाळायचं?

कंपनी_सचिव
पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेअर बाजाराच्या नियामकानं, म्हणजे सेबीनं, देऊन ठेवलंय. एलओडीआरच्या (नोंदणीकृत कंपन्यांसाठीची सेबीची नियमावली) नियम ३० प्रमाणे महत्त्वाची माहिती आधी शेअर बाजाराला, मग बाकी जगाला. बोर्ड मीटिंगमधला निर्णय असेल तर मीटिंग संपल्यापासून ३० मिनिटं. बाजाराची वेळ संपल्यावर मीटिंग आटोपली तर ३ तास. कंपनीच्या आतून घडलेल्या गोष्टीला १२ तास, बाहेरून घडलेल्या गोष्टीला २४ तास. ऑर्डर ‘महत्त्वाची’ केव्हा, तर उलाढालीच्या २ टक्के, नेट वर्थच्या (मालमत्ता वजा देणी) २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्या-तोट्याच्या ५ टक्के, यात जो आकडा सर्वांत लहान तो ओलांडला की. तो आकडा सीएफओंकडून (वित्त प्रमुखांकडून) दरवर्षी लिहून घ्या. ऐनवेळी कुणी हिशेब करत बसत नाही.

एमडींच्या पोस्टचा घोळ बहुधा शेड्यूलिंगमुळे होतो. पोस्ट सकाळी १० ला लावलेली असते, आणि बाजाराच्या पोर्टलवर फाइल चढवायला सही राहिली म्हणून उशीर होतो. पोस्ट आपल्या वेळेला निघून जाते. त्यामुळे अशा पोस्टला शेड्यूल लावूच नका. बीएसई आणि एनएसई दोन्हींची पोच आली, तिच्यावरची वेळ पाहिली, की मग हातानं बटण दाबायचं.

दुसरी गळती फोटोंतून होते. ‘प्लांट व्हिजिट’च्या फोटोत मागच्या फळ्यावर ग्राहकाचं नाव आणि नग लिहिलेले असतात.

अमेरिकेचं उदाहरण एमडी हमखास देतील, म्हणून फरक सांगून ठेवतो. तिथे सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी २००६ मध्येच, अशी माहिती ब्लॉगवर देता यावी, असं तिथल्या बाजार नियामकाला लिहिलं होतं. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी जूनमधलं प्रेक्षण १ अब्ज तासांवर गेल्याचं स्वतःच्या फेसबुकवर टाकलं. चौकशी झाली आणि एप्रिल २०१३ मध्ये नियामकानं मोकळीक दिली: कोणत्या खात्यावर माहिती येईल हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलं असेल, तर सोशल मीडिया चालेल. पण खातं जाहीर करून भागत नाही, मजकूरही खरा लागतो. ऑगस्ट २०१८ मधल्या एका ट्वीटपायी इलॉन मस्क आणि टेस्ला या दोघांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड बसला. आपल्याकडे असं खातं जाहीर करून बाजाराला वळसा घालायची सोय नाही.

रात्रपाळी_डेस्क
प्रेसनोट हवीच. फक्त ती कशासाठी असते ते बदललंय. पूर्वी ती संपादकांना लिहिलेलं पत्र होती. आता तो मूळ मजकूर आहे. ब्लॉग, पोस्ट, एमडींचं भाषण, सगळं त्यातून कापायचं. आकडे एकाच जागी मंजूर झाले नाहीत, तर ब्लॉगवर १२० कोटी आणि प्रेसनोटमध्ये ‘सुमारे सव्वाशे कोटी’ असं होतं. वर्तमानपत्राचं डेस्क, म्हणजे बातम्या निवडणारे आम्ही उपसंपादक, अशा वेळी फोन करत नाही, बातमीच बाजूला ठेवतं.

आम्हाला काय लागतं:

मजकूर मेलमध्येच पेस्ट केलेला किंवा वर्ड फाइलमध्ये, आणि युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरं). पीडीएफमधून मराठी कॉपी केली की ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार उडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल कन्व्हर्टरमधून काढली की ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ची अदलाबदल होते, ‘दुसऱ्या’चं भलतंच काहीतरी होतं. हे सगळं रात्री हातानं दुरुस्त करायला कुणी मोकळं नसतं. स्कॅन केलेलं लेटरहेड तर थेट कचऱ्यात.

लांबी ३०० शब्द पुरे. पहिल्या वाक्यात काय, कुठे, किती रुपयांचं आणि कधीपर्यंत. ‘आम्हाला जाहीर करताना अतिशय आनंद होत आहे’ हे वाक्य इंग्रजीतून आलंय, ते तिथेच राहू द्या. मराठी नोट मुळातच मराठीत लिहा. भाषांतरित नोट आम्हाला पहिल्या ओळीतच ओळखू येते. आणि कोट माणूस बोलेल तसा असावा.

फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर कॉम्प्रेशन बसतं. छपाईत १५ सेंटिमीटर रुंदीला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) १७७२ पिक्सेल लागतात, म्हणजे तिथेच ते कमी पडतात. ग्रुप फोटोतले चेहरे भरडले जातात. फोटोओळीत डावीकडून उजवीकडे नावं, पदांसह. हे नसेल तर फोटो लागत नाही.

दुवा_दुरुस्ती
डेस्कशी सहमत. वेबच्या बाजूनं भर घालतो.

ब्लॉगचा वेबपत्ता (यूआरएल) मराठीत ठेवू नका. पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाचे टक्केवाले कोड होतात, एकाची नऊ चिन्हं. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे जेमतेम बावीस अक्षरचिन्हं उरतात, तीही मात्रा धरून. शीर्षक मराठी, पत्ता मात्र रोमन लिपीत, चार-पाच शब्दांचा.

एक्सवर २८० ची मर्यादा मोजताना मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे धरले जातात. ‘श्री’ चार, ‘क्षेत्र’ सात. लिंक कितीही लांब असो, २३ मोजतात. म्हणून इंग्रजी पोस्टचं सरळ मराठी करून भागत नाही, वाक्य नव्यानं बांधावं लागतं. डीलरना एसएमएस पाठवत असाल तर आणखी चिमटा: इंग्रजीला १६० अक्षरं, मराठीला ७०, लांबला तर प्रत्येक तुकडा ६७ चा आणि बिल तुकड्यांचं.

लिंकखाली दिसणारा चित्र-शीर्षकाचा प्रीव्ह्यू पाठवण्याआधी तपासा. चित्र १२०० बाय ६३०, आणि महत्त्वाचा मजकूर मध्यभागी. शीर्षकातली चूक पानावर सुधारली तरी फेसबुक आणि लिंक्डइन जुनंच दाखवत राहतात, कारण त्यांनी पहिल्यांदा वाचलेली प्रत साठवलेली असते. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये आणि लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावायचं. व्हॉट्सॲपला असं साधन नाही. तिथे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी जोडून तो नवा करून पाठवावा लागतो.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘पाठवलं होतं’ आणि ‘आलंच नाही’ या वादाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. चॅनेलमध्ये (भारतात सप्टेंबर २०२३ पासून) लोकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण पत्रकारांसाठी ते फार उपयोगाचं नाही. त्यांना उलट प्रश्न विचारायचे असतात.

संपर्कविभाग
मनापासून आभार सगळ्यांचे. एक राहिलं. प्लांटमध्ये आग लागली, तर ब्लॉगपर्यंत थांबायला वेळच नसतो. तेव्हा काय?

दुवा_दुरुस्ती
तासाभरात चार ओळी: कुठे आणि किती वाजता, आत्ता काय चाललंय (अग्निशमन दल पोचलं, कामगार बाहेर काढले), चौकशीसाठी कोणता फोन, आणि पुढची माहिती किती वाजता. ती वेळ पाळायची. नवीन काही नसलं तरी ‘नवीन माहिती नाही’ एवढं टाकायचं. जखमींचा आकडा रुग्णालय किंवा पोलिसांनी सांगितल्याशिवाय नको आणि नावं तर नातेवाइकांना कळेपर्यंत अजिबात नकोत. सगळ्यात आधी मात्र शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबवा. आगीच्या बातमीखाली दिवाळी ऑफरचं पोस्टर गेलं तर स्क्रीनशॉट वर्षभर फिरतो. चुकीची पोस्ट गुपचूप काढू नका, दुरुस्ती वेळेसकट त्याच धाग्यात लिहा. आणि बातमी बाहेर जायच्या आधी कामगारांच्या ग्रुपवर टाका.

कंपनी_सचिव
शेवटच्या वाक्याला माझी अर्धीच संमती. माणसं सुरक्षित आहेत, उद्याची पाळी भरणार की नाही, हे कामगारांना आधी सांगाच. पण किती लाइन बंद, किती दिवस उत्पादन थांबेल, विमा किती, हे कुठल्याही ग्रुपवर नको. ती शेअरच्या भावावर परिणाम करणारी माहिती आहे. चार ओळींबरोबरच दोन ओळी बाजारालाही जाऊ द्यात. २४ तासांची मुदत आहे म्हणून २३ तास थांबायचं नसतं.

अफवांबाबत: कंपनी बाजारमूल्यानं पहिल्या २५० मध्ये असेल, तर १ डिसेंबर २०२४ पासून (पहिल्या १०० ना १ जूनपासून), मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आलेल्या अफवेनं भाव लक्षणीय हलला की २४ तासांत खुलासा करावा लागतो. नोंदणीकृत वर्तमानपत्रं, वृत्तवाहिन्या आणि त्यांच्यासारखे डिजिटल वृत्तप्रकाशक त्यात येतात. नुसता व्हॉट्सॲप फॉरवर्ड येत नाही, पण तोच फॉरवर्ड एखाद्या न्यूज पोर्टलनं उचलला की येतो.

रात्रपाळी_डेस्क
आणि त्या चार ओळींखाली जो नंबर द्याल तो रात्री अकरापर्यंत उचलणारा हवा. स्विचबोर्डचा नको.

दुवा_दुरुस्ती
खात्यांचे पासवर्ड कुणाकडे आहेत तेही आजच पाहून घ्या. पेज एजन्सीतल्या एकाच माणसाच्या खासगी खात्यावरून चालत असेल आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येत असेल, तर आगीच्या रात्री तुम्ही स्वतःच्याच पेजबाहेर उभे असाल. किमान दोन ॲडमिन कंपनीचे, कंपनीच्या मेलवर, आणि रिकव्हरी कोड छापून तिजोरीत.