मदत हवी आहे: मालवणीचे स्वनिम (अर्थ बदलणारे मूळ ध्वनी) काढायचेत, शुक्रवारी जमा करायचंय

रातांबा
कुणीतरी लवकर सांगा. रेकॉर्डिंग झालंय, पण प्राटमध्ये (आवाज मोजायचा प्रोग्रॅम) फाइल उघडतच नाही. शिवाय मॅडमनी जोड्यांच्या पानावर लाल रेघ ओढून परत दिलंय. तीनच जोड्या होत्या: माका–तुका (मला–तुला), इलो–इली (आला–आली), खय–हय (कुठे–इथे). काय चुकलं ते लिहिलेलं नाही. आता काय करू?

खाडीपलीकडचा
अगो बाय, आधी सांग मरे, पेपर खयचो? वर्ष कुठलं, फाइल कसली, बोलणारं माणूस कोण आणि कुठल्या गावचं? नुसतं ‘मालवणी’ म्हणून भागत नाही. कुडाळ-सावंतवाडीकडची वेगळी, देवगडकडची वेगळी, आणि राजापूर ओलांडून लांज्याच्या बाजूला गेलं की संगमेश्वरीच सुरू होते.

रातांबा
टीवायबीए मराठी. फाइल मोबाइलमधल्या रेकॉर्डरची. बोलणारी आजी आहे, वेंगुर्ल्याची. लवकर सांगा ना.

आवाजदुरुस्ती
फाइल एम-फोर-ए, म्हणजे दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असणार. बरेच मोबाइल तशीच साठवतात आणि प्राटला ती वाचता येत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करा: मोनो, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ. विंडोजवर ऑडॅसिटीने एम-फोर-ए नाकारली, तर एफएफएमपेग ही जोडलायब्ररी टाकावी लागते. मग प्राटमध्ये ‘ओपन’ मेनूतून ‘रीड फ्रॉम फाइल’, त्यानंतर ‘व्ह्यू अँड एडिट’. आजीच्या आवाजासाठी फॉर्मंटची (ज्यांवरून स्वर ओळखतात त्या वारंवारता-पट्ट्यांची) कमाल मर्यादा ५५०० हर्ट्झ ठेवा, पुरुष बोलणारा असता तर ५०००. मर्यादा चुकली की स्वरांचे आकडे भलतीकडेच जातात आणि ‘ओ’चा ‘उ’ झालाय असं वाटायला लागतं.

एक लक्षात ठेवा. वेव्ह केल्याने दाबलेल्या फाइलमधून गेलेलं परत येत नाही. स्वरांना फारसा धक्का बसत नाही, पण च-ज-स यांची घर्षणाची वरची पट्टी कापलेली असू शकते. त्यावर मोजमाप मांडायचं असेल तर पुन्हा रेकॉर्ड करा, मोबाइलची सेटिंग वेव्हवर ठेवून. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी नकोच.

स्वनांतर
फाइलचं ठीक, पण लाल रेघ जोड्यांवर आहे. लघुतम युग्मात, म्हणजे अशा जोडीत, एकाच जागी, एकाच स्वनाचा (ध्वनीचा) फरक हवा आणि अर्थ बदलायला हवा. माका–तुकामध्ये म-त आहे आणि आ-उही आहे. दोन फरक झाले, अर्थ कशामुळे बदलला ते सिद्ध होत नाही. ती जोडी काढा. खय–हय मात्र चोख आहे. तिला थय (तिथे) जोडा, म्हणजे ख, ह, थ तिन्ही एकाच चौकटीत भिडतात. तिथे रेघ का मारली हे मॅडमनाच विचारा.

चेडवाचो बापूस
रेघ इलो–इलीवर असणार. तो प्रत्ययाचा फरक आहे, लिंगाचा. स्वनिमाच्या प्रकरणात चालत नाही. धातूच्या आतल्या जोड्या द्याव्यात.

स्वनांतर
असा नियम कुठे आहे? ओ आणि ई यांनी अर्थभेद होतो एवढं पुरे, मग ते स्वन प्रत्ययात असोत नाहीतर धातूत. उलट तिसरा शब्दही द्या: झील (मुलगा) इलो, बाई इली, चेडू (मुलगी) इला. ओ, ई, आ तिन्ही मिळतात.

चेडवाचो बापूस
मिळतात, पण टीवायबीएचा परीक्षक स्वनिम आणि प्रत्यय हे दोन्ही विभाग वेगळे ठेवायला सांगतो. रूपविचाराच्या (शब्दरूपं-प्रत्ययांच्या) प्रकरणात तेच उदाहरण घाला, म्हणजे वाद नको. तिथे एक खड्डा मात्र आहे. ‘इला’चा अर्थ लिहिताना मुलं सरळ ‘आला’ लिहून मोकळी होतात. प्रमाण मराठीत ‘-ला’ पुल्लिंगी, मालवणीत तो नपुंसकलिंगी, पुल्लिंगाला ‘-लो’. चेडू नपुंसकलिंगी असल्याने ‘चेडू इला’. हे तळटीपेत लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला लिंगव्यवस्थाच उलटी दिसते.

खाडीपलीकडचा
कुणीच अनुनासिकाबद्दल बोललेलं नाही. खय की खंय? वेंगुर्ल्याकडे दोन्ही लिहिलेलं दिसतं. आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका. तीच आजी दोन्ही म्हणत असेल आणि अर्थ तोच राहत असेल, तर तो मुक्त विनिमय, स्वनिम वेगळे नाहीत. एक ठरावीक शेजार असतानाच नाकातून येत असेल, तर पूरक विनियोग, म्हणजे एकाच स्वनिमाची स्वनांतरं (वेगवेगळे उच्चार). हा तपास लिहिलात तर प्रकल्पाला वजन येईल.

आगरीबाणा
आमच्या रायगडच्या बाजूला तर ळचा ल, णचा न, डचा र. घोडा तो घोरा. मालवणीत असं होतं का ते पण बघा.

गोमंतक-सीमा
मूळ प्रश्न मालवणी मराठीची बोली की कोकणीची, हा आहे. कोकणीला १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. वेंगुर्ल्याला बसून निर्णय तुम्ही घेणार का?

चेडवाचो बापूस
ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात कोकणी मराठीच्याच खंडात, सातव्या, १९०५ साली छापलेल्या. बोला.

गोमंतक-सीमा
१९०५चं सर्वेक्षण आज प्रमाण धरायचं का?

खाडीपलीकडचा
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. तिला स्वनिम हवेत.

नेटइच्छुक
भाषाविज्ञानाची आवड असेल तर पुढे एम.ए. करा. मुंबई विद्यापीठात विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान स्वतंत्र विषय आहे. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १००चा, एकूण वेळ ३ तास, चुकीला गुण वजा होत नाहीत.

रातांबा
नेट नको, शुक्रवार पार पडू दे. फाइल उघडली, आभार. पण चचं काय? आजी ‘चार’ दोन वेगवेगळ्या चने म्हणते, मला कानाने कळतं, लिहिता येत नाही.

स्वनांतर
हीच खरी जोडी. आकडा ‘चार’ तालव्य (जीभ टाळूला), आणि गुराक ‘चार’ दंतमूलीय (जीभ दातांच्या मुळाशी). ‘जग’ही तसाच: दुनिया तालव्य, जगण्यातलं दंतमूलीय. ही प्रमाण मराठीतही आहेत, म्हणून ‘मालवणीचं वैशिष्ट्य’ असं लिहू नका. टाईप करताना दंतमूलीयाला खाली नुक्ता द्या, च़, ज़. आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) चिन्हं लागली तर डौलोस एसआयएल हा फुकट फॉन्ट वापरा. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये चिन्हांच्या जागी चौकोन छापून येतात.

आवाजदुरुस्ती
प्राटमध्ये फरक दिसतो. दंतमूलीय चची घर्षणऊर्जा वरच्या वारंवारतेला जमते, तालव्याची जरा खाली. म्हणून म्हटलं, एम-फोर-ए नको. प्रत्येक शब्द ‘आता ___ म्हण’ या चौकटीत तीनदा घ्या. एकटा शब्द म्हणवला की माणूस शेवटी आवाज ओढतं.

चेडवाचो बापूस
आणि मराठीत शब्द विचारून ‘मालवणीत काय म्हणतात’ असं करू नका. आजी मराठीच परत देते, तेही शुद्ध करून. वस्तू दाखवा किंवा चित्र. च-जच्या जोड्यांना वाक्याचा संदर्भ द्या, नाहीतर कुठला ‘चार’ ते कसं कळणार?

रातांबा
शब्द किती घेऊ?

स्वनांतर
प्रत्येक स्वनासाठी आरंभी, मध्ये, अंती एकेक जागा भरा. जिथे जागा रिकामी राहील तिथे ‘आढळले नाही’ लिहा. ळ शब्दाच्या आरंभी मिळणार नाही, शोधत बसू नका.