३८१६५४७२९०: हातानेही सापडते

० ते ९ हे अंक एकेकदाच, आणि डावीकडचे पहिले n अंक घेतले की n ने निःशेष भाग जातो: ३८१६५४७२९० या संख्येचा हा गुण. ती 'संगणकाशिवाय सापडणार नाही' असं म्हणतात, ते मात्र पटत नाही. कागदावर दहाच उमेदवार उरतात.

दहावा अंक ०, पाचवा ५. समस्थानी सम अंक, म्हणजे विषमस्थानी विषमच. तिसरा विषम आणि पहिल्या चार अंकांना ४ ने भाग जायचा, म्हणून चौथा २ किंवा ६. आठव्याचंही तेच, कारण सहावा सम असल्याने ८ साठी सातवा-आठवा एवढीच जोडी तपासायची. मग दुसरा नि सहावा ४ आणि ८.

आता ३ ची कसोटी. पहिल्या तीन आणि पहिल्या सहा अंकांची बेरीज ३ च्या पटीत, म्हणून मधल्या तिघांची (चौथा ते सहावा) बेरीजही ३ च्या पटीत हवी, त्यामुळे तिथे २५८ किंवा ६५४ एवढंच बसतं. २५८ धरलं तर १४७२५८९ आणि ७४१२५८९ मिळतात, दोन्ही ७ ला अडकतात. ६५४ धरलं तर सात-अंकी आठ संख्या उरतात, त्यांतली ३८१६५४७ तेवढी ७ ने जाते: ५४५२२१ × ७. नऊची काळजीच नको, १ ते ९ ची बेरीज ४५.

सातची कसोटी आळसाने सोडू नका. ९८७६५४३२१० ही देखणी उतरती संख्या बाकी सगळ्या कसोट्या पार करते आणि फक्त तिथेच पडते; ९८७६५४३ ला ७ ने भागल्यावर बाकी ५.