झाडीपट्टीची नाटकं अजून जोरात आहेत
भाऊ, मोबाईल आल्यापासून झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं संपली हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याला येऊन बघा, नाटक कंपन्यांच्या ऑफिसात गावोगावची मंडळं बुकिंगला बसलेली असतात. इथं मुद्दा राहून गेला तो असा की नाटक गावच आणतं, मंडळ कंपनीला ठरलेले पैसे देतं आणि तिकिटं स्वतः विकतं, त्यामुळे ते घरचंच कार्य होऊन जातं, लेकी-जावई येतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री धान कापलेल्या बांधीत, म्हणजे शेतात, तणस (भाताचा पेंढा) अंथरून, ब्लँकेट गुंडाळून पहाटेपर्यंत नाटक, सोयरिकीसुद्धा तिथंच जुळतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तर आमच्याकडे प्रत्येकाला आपल्याच घरात आल्यासारखी वाटली.