ल्वारच्या खोऱ्याचा खरा धनी कोण: शेनँ की सोव्हिन्यों?

तूरकर

फ्रान्समधल्या तूर शहरात राहून नऊ वर्षं झाली. (डाळीवरचे सगळे विनोद करून झालेत. नवीन असेल तरच करा.) भारतातून पाहुणा आला की फर्माईश ठरलेली: "ल्वारची वाईन म्हणजे साँसेर ना? तीच उघड." मी उघडतो. पण माझं मत वर्षागणिक पक्कं होत चाललंय, ते इथे टाकतो, तुटून पडा. ल्वारच्या खोऱ्याची खरी ओळख शेनँ ब्लाँ या द्राक्षात आहे. साँसेरच्या सोव्हिन्यों ब्लाँचं नाव झालं ते तिच्या गुणांपेक्षा ती समजायला सोपी म्हणून.

भूगोल थोडक्यात. ल्वार ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या वर. आधी उत्तरेला वाहते, ओर्लेआँपाशी वळण घेऊन पश्चिमेला अटलांटिककडे जाते. समुद्राजवळ नाँतच्या आसपास म्युस्कादे, मग आँजू आणि सोम्युर, मग आमचं तूरेन (वूव्रे, शिनों, बुर्गय), आणि पार वरच्या अंगाला साँसेर नि पुई. साँसेरची नदी ल्वार असली तरी जमीन बरगंडीतल्या शाब्लीची भावकी आहे. तीच किमरिजियन माती, तेच कालवांचे बारीक जीवाश्म. आणि सोव्हिन्यों तिथली जुनी मालकीणही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने बागा खाल्ल्या, त्याआधी साँसेरमध्ये लाल द्राक्षांचा, पिनो न्वार आणि गामेचा, जोर होता. सोव्हिन्योंचं राज्य पुनर्लागवडीनंतरचं.

शेनँचं तसं नाही. तिला इथे 'पिनो द ला ल्वार' असंही म्हणतात, नदीचंच आडनाव लावून. एकाच उतारावरच्या एकाच बागेतून फसफसणारी, कोरडी, किंचित गोड आणि मधासारखी, अशा चारही वाईन निघतात. कोणत्या वर्षी कोणती, ते आभाळ ठरवतं. ऑक्टोबरात लेयों नदीच्या काठी सकाळी धुकं उतरतं, दुपारी ऊन पडतं, आणि एरवी बाग नासवणारी बोट्रायटिस बुरशी मण्यातलं पाणी काढून साखर आटवते. मग तोडणी एका दमात होत नाही. माणसं त्याच ओळीतून तीन-तीन, चार-चार वेळा फिरतात, तयार झालेलेच मणी घेतात, बाकीचे ठेवतात. एवढी साखर असूनही ती वाईन चिकट लागत नाही, कारण खाली आम्लता कण्यासारखी ताठ उभी असते. १९४७ सालच्या वूव्रेचं नाव लोक अजून अदबीने घेतात. १९४७ ची साँसेर कुणी जपून ठेवली असेल तर कळवा.

स्पष्टवक्ती

तूरकर, धागा छान, मत साफ अमान्य.

'समजायला सोपी' हे तुम्ही शिवीसारखं वापरलंय. मी लंडनमध्ये रेस्टॉरंटची वाईन यादी लावते, दहा वर्षं हेच काम आहे. गिऱ्हाईक साँसेर मागतं तेव्हा त्याला ठाऊक असतं काय येणार: कोरडी, लख्ख, लिंबाच्या सालीची, थोडी चकमकीच्या दगडाची. वूव्रे मागवली की? बाटलीवर मोठ्या अक्षरात 'वूव्रे'. आत कोरडी आहे की गोड, देव जाणे. कुठे कोपऱ्यात 'सेक' (कोरडी) किंवा 'दमी-सेक' (किंचित गोड) लिहितात, कुठे तेही नाही. शिवाय 'सेक-ताँद्र' हा बोलीतला प्रकार, म्हणजे कोरडी पण हळवी! गिऱ्हाइकाने मासा मागवलाय, पुढ्यात येतो मध. त्याने पुन्हा कधी वूव्रे मागवावी?

चार वाईन देणारं द्राक्ष हे कवितेत शोभतं. पैसे मोजणाऱ्याला आपण काय विकत घेतोय ते कळायला नको का?

आणि साँसेर एकसुरी आहे हे तर अजिबात नाही. तिथे तीन जमिनी आहेत: पांढरी चिकणमाती, चुनखडीचे गोटे, आणि सिलेक्स म्हणजे चकमक. तीन शेजारच्या बागा, एकच द्राक्ष, तीन वेगळ्या वाईन. शाव्हिन्योलचा 'मों दाने' म्हणजे शापित डोंगर बघितलाय का? उतार इतका तीव्र की तिथे राबणाऱ्याने शापच द्यावा. तिथली बाटली आठ-दहा वर्षांनी उघडा आणि मग बोला.

उगाचच

द्राक्षाचा आंबलेला रस आहे हो. किती चघळाल!

निफाडचा_गडी

उगाचच, तुम्ही चघळू नका, आम्ही पिकवतो. :)

तूरकर साहेब, आमच्याकडे तुमच्या शेनँला 'चेनिन' म्हणतात आणि माझ्या शेतात दीड एकर आहे. वडिलांनी थॉम्सन या खायच्या द्राक्षाचा मांडव मोडून लावली होती. नाशिक जिल्ह्यात वाईनसाठी पांढरं लावायचं म्हटलं की सुरुवातीपासून दोनच नावं, चेनिन नाहीतर सोव्हिन्यों. म्हणजे ल्वारचीच दोन्ही. तुमचं भांडण माझ्या बांधावर रोजच चालतं.

आता माझा आक्षेप. तुम्ही सगळं श्रेय खोऱ्याला देताय: थंडी, धुकं, नदी. पण निफाडला मार्चमध्ये पारा पस्तिशीला टेकतो तेव्हाही चेनिन बऱ्यापैकी आंबट राहते, सोव्हिन्यों मात्र दोन दिवस उशीर झाला की ढेपाळते. दक्षिण आफ्रिकेत तर चेनिनची लागवड फ्रान्सपेक्षा जास्त आहे, आणि ते काही थंड मुलूख नव्हेत. मग आम्लता ही द्राक्षाची जात आहे, नदीची देणगी नव्हे. ज्या द्राक्षाला कुठेही नेलं तरी चालतं, त्यावर एका खोऱ्याने 'ही आमची ओळख' असा शिक्का कसा मारायचा?

अवांतर: २००९ च्या आसपास वाईनची मागणी पडली तेव्हा ज्यांच्याशी करार होता त्यांनी आमचा माल उचलला नाही. निम्मी बाग तेव्हाच उपटली. त्यामुळे 'मधासारखी' वगैरे वाचलं की आधी हिशेब आठवतो.

तूरकर

निफाडकर, हा खरा प्रतिसाद. तुमचं अर्धं मान्य. आम्लता शेनँच्या रक्तातच आहे.

पण एक विचारतो. तुमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे घड पिकतो तेव्हा हवामान थंडीकडून उन्हाकडे चाललेलं असतं, रोज थोडं जास्त गरम. इथे बरोबर उलट. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात घड पिकतो तेव्हा दिवस लहान नि थंड होत जातात. तुमचं द्राक्ष शेवटचे तीन आठवडे धावत पिकतं, आमचं रांगत. आम्लता जातीने दिली, कबूल. पण घड वेलीवर नोव्हेंबरच्या तोंडापर्यंत लटकत ठेवण्याची मुभा ४७ अंश अक्षांशावरच्या शरद ऋतूने दिली. ती तुम्हाला २० अंशावर कुणी देणार नाही. तुम्ही दोन आठवडे थांबलात तर मनुके होतील.

स्पष्टवक्ती, लेबलबद्दल तुमचा राग रास्त आहे. वूव्रेवाल्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, यावर वाद नाही. पण तो दोष छापखान्याचा झाला, द्राक्षाचा कसा?

निफाडचा_गडी

धावत आणि रांगत... हे पटलं. शेवटच्या आठवड्यात आम्ही रोज सकाळी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो, एका दिवसात आकडा उडी मारतो. रात्री तोडणी करतो ते त्यासाठीच. आणि बुरशीची वाट बघणं हे तर आमच्या डोक्यातच बसत नाही. इथे भुरी नि केवडा या बुरशीच्या रोगांच्या नावानेच झोप उडते.

कोरडीविहीर

मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. सगळे 'थंड हवामान, थंड हवामान' म्हणताय, जणू ते किल्ल्यासारखं जागच्या जागी उभं आहे.

ल्वारची जी ख्याती तुम्ही सांगताय ती पूर्वीच्या थंडीची आहे. तेव्हा दर दशकात दोन-तीनच साली नीट पिकायची, बाकी वर्षं रसात साखर घालून अल्कोहोल वाढवावं लागे. शिनों-बुर्गयच्या लाल काबेर्ने फ्राँला कच्च्या सिमला मिरचीचा वास यायचा आणि लोक त्यालाच 'स्थानिक स्वभाव' म्हणून मान डोलवायचे. आता ती मिरची बहुतेक सालांत गेली. तोडण्या अलीकडे सरकल्या. कोरड्या शेनँमध्येही १४ टक्के अल्कोहोल सापडतं. तूरकर ज्या रांगत्या शरदाबद्दल इतकं सुंदर लिहितायत, तो हळूहळू धावायला शिकतोय.

आणि उकाडा वाढला म्हणून दहिवर, म्हणजे गोठणारं दंव, टळलं असंही नाही. हिवाळा सौम्य झाला की डोळे लवकर फुटतात, आणि मग एप्रिलच्या एका रात्रीत कोवळा फुटवा करपतो. २०१६, २०१७, २०२१. तीनदा तरी माझ्या आठवणीत.

तेव्हा शेनँ की सोव्हिन्यों हे भांडण ठेवा बाजूला. पुढच्या पन्नास वर्षांत लाल काबेर्ने फ्राँ या खोऱ्यात सर्वांत फायद्यात राहील. कुणीच तिचं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेतो. शिवाय ती आई आहे. काबेर्ने सोव्हिन्यों हे जगप्रसिद्ध द्राक्ष काबेर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांचं पोर असल्याचं १९९७ मध्ये डीएनएने सिद्ध झालं. मुलाची कीर्ती बोर्दोत, आईबाप दोघंही ल्वारच्या काठी. आपल्याकडच्या कित्येक घरांसारखंच.

स्पष्टवक्ती

हाहा, शेवटचं वाक्य जबरदस्त. पण बघा, बाप सोव्हिन्योंच निघाला. +१ आमच्या बाजूला.

तूरकर, 'दोष छापखान्याचा' हे वकिली उत्तर झालं. वाईन ही फक्त बागेत नसते. ती पिणाऱ्यापर्यंत न चुकता पोचवणं हाही त्या खोऱ्याच्या संस्कृतीचाच भाग. साँसेरने ते साधलं, वूव्रेने नाही. सांगायची राहिलेली गोष्ट: शाव्हिन्योलचं बकरीच्या दुधाचं चीज, क्रोतँ, आणि साँसेर. ही जोडी कुठल्या जाहिरात कंपनीने जुळवलेली नाही. एकाच गावातल्या बकऱ्या आणि वेली.

तिरफळ

मालवणातून लिहितंय. तुम्ही सगळे शेठलोक वरच्या अंगाला बसून भांडताय, नदीच्या मुखाशी कोणी उतरतच नाही!

म्युस्कादे. द्राक्ष 'मेलों द बुर्गोन्य', म्हणजे तेही मूळचं बरगंडीचं, पण १७०९ च्या भयंकर थंडीत नाँतकडच्या वेली मेल्या तेव्हा थंडीला टिकणारं म्हणून हेच पसरलं. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला साधी पांढरी वाईन हवी होती, तेही कारण. ना चार प्रकार, ना शापित डोंगर. फक्त मेलेल्या यीस्टच्या गाळावर हिवाळाभर ठेवतात ('स्युर ली'), त्याने किंचित पावासारखी चव आणि जिभेवर बारीक चुरचुर येते.

भाऊ जहाजावर आहे, तो नाँतहून दोन बाटल्या घेऊन आलेला. आईने कालवं आणलेली. अर्धी नुसती वाफवली, लिंबू पिळून. अर्धी कांदा-खोबऱ्याच्या वाटपात. वाफवलेल्यांबरोबर म्युस्कादे अशी बसली की भाऊ नि मी बोललोच नाही. वाटपाबरोबर मात्र वाईन गायब, पाणी प्यायल्यासारखं. खोबरं आणि मसाला तिला उभं राहू देत नाही. तिथे तूरकरांची किंचित गोड वूव्रे चालली असती असं वाटतं, पण ती मालवणात मिळणार कुठे!

तूरकर

तिरफळ, दमी-सेक वूव्रे नि कालवांचं वाटप! हा प्रयोग मी इथे करणार. कालवं इथे पोत्याने मिळतात, ओला नारळ तेवढा शोधावा लागेल.

आणि स्पष्टवक्ती, हे वाचा: शेनँ आणि सोव्हिन्यों, दोघांचंही सावान्यँ नावाच्या एका जुन्या द्राक्षाशी आई-मुलाइतकं थेट नातं आहे, हेही डीएनएनेच दाखवलं. म्हणजे आपण दोघं बहुधा एकाच घरातल्या भावंडांवरून भांडतोय. पण म्हणून मी मागे हटत नाही. कोरडीविहीर यांच्या मुद्द्याला उत्तर देणं अवघड आहे, तेवढं कबूल. माझ्या शेजारचे म्हातारे बागायतदार सांगतात, लहानपणी तोडणीला जाताना हातमोजे लागायचे, आता टोपी लागते. तरी त्यांनी एकही वेल बदललेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, शेनँ उन्हातही आंबट राहते म्हणूनच. म्हणजे निफाडकरांचाच मुद्दा, माझ्या बाजूने!

निफाडचा_गडी

म्हणजे मी तुमच्या विरोधात बोललो आणि केस तुमची जिंकून दिली. बरं.

एक कामाचं विचारतो. एप्रिलच्या त्या दहिवराच्या रात्री तिकडे काय करतात? आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की मण्यांची फुगवण थांबते, पुढे तडे जातात. मग आम्ही पहाटे बांधावर पालापाचोळ्याच्या शेकोट्या धुमसवतो आणि विहिरीचं कोमट पाणी सोडतो.

तूरकर

इथे ओळींच्या मधून मेणाचे डबे पेटवतात. बादलीएवढा डबा, आत पॅराफिन. हेक्टरी तीनशे-चारशे तरी लागतात. कुठे मोठे पंखे, कुठे वेलींवर पाण्याचा फवारा, म्हणजे फुटव्यावर बर्फाचं कवच बसतं आणि आतला कोंब वाचतो. रात्री टेकडीवरून बघितलं तर खोरंभर दिवाळी. शेतकऱ्याला मात्र ती बघवत नाही.

निफाडचा_गडी

हेक्टरी चारशे म्हणजे एकरी एकशेसाठ डबे, एका रात्रीला. आणि दहिवर सलग तीन रात्री पडलं तर? आमचा पालापाचोळा फुकट आहे साहेब. फवाऱ्याचं मात्र नीट लिहा, कोणता नोझल, तासाला किती पाणी. बर्फाची गरज पडणार नाही, पण पाणी देऊन थंडी आवरायची ही रीत मला करून बघायचीय.